अकरा खुंट्यांचा कर्व्ह

ऊस उभा असेल तोवर आम्ही आखणीला हात घालत नाही. चिकोडी, रायबाग, हुक्केरीकडच्या काळ्या रानात ऊस दीड पुरुष वाढतो. त्यातून पन्नास मीटरवरचा रेंजिंग रॉड, म्हणजे नेम धरायची उभी काठी, दिसायचा तर नजरेपुरती वाट तोडावी लागते आणि दर वाटेला शेतकऱ्याशी हुज्जत. तोडणी होऊन गाड्या कारखान्याला गेल्या, पाचट आवरले, की खोडवा गुडघ्याला येईपर्यंतचे आठवडे आपले. खानापूरच्या बाजूला सुगी झाल्यावर भाताची खाचरे वाळायची वाट बघायची. ओल्या खाचरात थिओडोलाइटच्या, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राच्या, तिपाईचा एक पाय हळूहळू खचत जातो आणि लेव्हलचा बुडबुडा कधी सरकला ते कळतही नाही.

इथे सांगतोय ती आखणी साध्या वर्तुळाकार वळणाची, म्हणजे एकाच त्रिज्येच्या कंसाची. शेतरस्ता, कालव्याच्या कडेचा सेवारस्ता, साखर कारखान्याच्या आवारातला रस्ता, प्लॉट पाडलेल्या वसाहतीतले वळण, अशा कामांना ती पुरते. हमरस्त्याला सरळ रेषेतून एकदम कंसात शिरून चालत नाही. बाहेरची कड हळूहळू उचलायला दोन्ही टोकांना संक्रमण वक्र घालावे लागतात, त्याचे गणित निराळे.

एकच उदाहरण धरून पुढे जाऊ. वळण उजवीकडे. दोन सरळ रेषा जिथे मिळतात तो छेदनबिंदू, साइटवर सगळे त्याला आयपी म्हणतात, त्याचे चेनेज, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासून रेषेवरून मोजलेले अंतर, १२५४.८०० मीटर. दोन रेषांतला आतला कोन १५२°२०′, म्हणजे विचलन कोन, रेषा जेवढी वळते तेवढा, २७°४०′. त्रिज्या २०० मीटर.

आयपी जमिनीवर नेमका मिळवणे हे पहिले काम, आणि बरेच जण ते अंदाजाने उरकतात. पहिल्या रेषेवर यंत्र लावून ती रेषा पुढे वाढवायची. दुसरी रेषा जिथे कापेल असे वाटते त्याच्या अलीकडे-पलीकडे मीटरभर अंतराने दोन खुंट्या मारायच्या, दोन्हींवर खिळे, खिळ्यांना दोरी. मग यंत्र दुसऱ्या रेषेवर न्यायचे आणि त्या रेषेने दोरी कुठे कापली ते बघून तिथे आयपीची खुंटी. आता यंत्र आयपीवर. फेस लेफ्ट आणि फेस राइट, म्हणजे यंत्राची उभी चकती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ठेवून, दोन्हींनी कोन मोजायचा, दोन्ही वर्नियर (चकतीवरच्या बारीक मापाच्या पट्ट्या) वाचायचे, सरासरी घ्यायची. या एका कोनावर पुढचे सगळे आकडे उभे आहेत, इथे दहा मिनिटे जास्त गेली तरी हरकत नाही.

आयपी विहिरीत किंवा कुणाच्या गोठ्यात आला, आणि तो येतोच, तर दोन्ही रेषांवर एकमेकांना दिसतील असे दोन बिंदू घ्यावेत. त्यांच्यातले अंतर टेपने, प्रत्येक ठिकाणी रेषेशी होणारा कोन यंत्राने. दोन कोनांची बेरीज म्हणजे विचलन कोन, आणि साइनच्या नियमाने प्रत्येक बिंदूपासून आयपीचे अंतर निघते. विहिरीत उतरायची गरज नाही.

त्रिज्या ठरवताना पुस्तकातल्या किमान आकड्याबरोबर कंस आयपीपासून किती आत सरकतो तेही बघावे लागते. ते अंतर म्हणजे त्रिज्या × (निम्म्या विचलनाचा सेकंट − १). आपल्या वळणात २०० × ०.०२९८७१ = ५.९७४ मीटर. आतल्या बाजूला विहिरीचा कठडा असेल आणि मध्यरेषा साडेचार मीटरपेक्षा आत नको असेल, तर उलटे गणित करायचे : ४.५ ÷ ०.०२९८७१ = सुमारे १५० मीटर त्रिज्या. त्रिज्या आधी ठरवून मग जमिनीवर विहीर सापडली की आराखडा पुन्हा काढावा लागतो. या मुलखात विहिरी बांधाच्या कोपऱ्यात असतात आणि रस्त्याचे वळणही बहुधा बांधाच्या कोपऱ्यातच येते, तेव्हा ही गाठ नेहमीची.

आता आकडे. स्पर्शिकेची लांबी = २०० × टॅन १३°५०′ = ४९.२४८ मीटर. कंसाची लांबी = ९६.५७५ मीटर. म्हणून कंसाची सुरुवात, टी-१, चेनेज १२५४.८०० − ४९.२४८ = १२०५.५५२. शेवट, टी-२, चेनेज १२०५.५५२ + ९६.५७५ = १३०२.१२७. टी-२ चे चेनेज आयपीत स्पर्शिकेची लांबी मिळवून काढू नये. नवखे हमखास तसे करतात आणि १३०४.०४८ लिहून ठेवतात. वाहन कंसावरून जाते, कोपऱ्यावरून नव्हे, म्हणून चेनेजही कंसावरूनच चालते. दोन आकड्यांत १.९२१ मीटरचा फरक आहे, आणि तो पुढच्या प्रत्येक मोरीच्या जागेत तसाच उतरतो.

खुंट्या पूर्ण चेनेजवर, १० मीटरच्या अंतराने. जीवा, म्हणजे दोन खुंट्यांतले सरळ अंतर, त्रिज्येच्या विसाव्या भागापेक्षा मोठी नसावी हा नियम त्यासाठी आहे. आपण मोजतो सरळ जीवा आणि गणितात धरतो कंस. दोन्हींतला फरक म्हणजे जीवेचा घन भागिले त्रिज्येच्या वर्गाची चोवीसपट. २०० मीटर त्रिज्येला १० मीटरची जीवा एक मिलिमीटरने चुकते. तीच २० मीटरची केली तर आठ मिलिमीटरने. जीवा दुप्पट झाली की चूक आठपट.

तर पहिली तुकडा-जीवा १२१० − १२०५.५५२ = ४.४४८ मीटर, मग १० मीटरच्या नऊ, आणि शेवटची १३०२.१२७ − १३०० = २.१२७. बेरीज ९६.५७५, जुळली. टी-२ धरून अकरा खुंट्या.

प्रत्येक जीवेचा स्पर्शिकेशी होणारा कोन रँकिनच्या सूत्राने : १७१८.८७३ × जीवा ÷ त्रिज्या, उत्तर मिनिटांत. हा आकडा लक्षात राहत नसेल तर कुठून आला ते लक्षात ठेवावे. एका रेडियनची मिनिटे ३४३७.७४७, त्याचे निम्मे. निम्मे, कारण स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन त्या जीवेच्या मध्यकोनाच्या निम्मा असतो. आपल्या वळणात पहिल्या तुकड्याला ०°३८′१३.७″, प्रत्येक पूर्ण जीवेला १°२५′५६.६″, शेवटच्या तुकड्याला ०°१८′१६.८″.

आमचे यंत्र २० सेकंदांचे वर्नियर थिओडोलाइट. मग १°२५′५६.६″ चे १°२६′ करून नऊ वेळा मिळवावेसे वाटते. तसे केले तर शेवटचा कोन १३°५०′४०″ येतो. यायला हवा निम्मा विचलन कोन, १३°५०′००″ बरोबर. ही ४० सेकंदे टी-२ वर साडेअठरा मिलिमीटर सरकवतात, आणि माणूस मग टेपला दोष देत बसतो. म्हणून बेरीज पूर्ण दशांशांनी करायची आणि गोल करायचे ते एकूण कोन. फील्डबुकात असे उतरते : पहिली खुंटी ०°३८′२०″, दुसरी २°०४′२०″, तिसरी ३°३०′००″, चौथी ४°५६′००″, पाचवी ६°२२′००″, सहावी ७°४८′००″, सातवी ९°१४′००″, आणि असेच पुढे, दहावी १३°३१′४०″, अकरावी १३°५०′००″. यंत्र पेटीतून काढायच्या आधी शेवटचा आकडा जुळतो का ते बघावे. वळण डावीकडे असेल तर हे सगळे ३६०° मधून वजा करून, पहिली खुंटी ३५९°२१′४०″, असा वेगळा तक्ता घरीच करून न्यावा. उन्हात उभ्या उभ्या केलेली वजाबाकी विश्वासाची नसते.

आयपीवरून टी-१ आणि टी-२ दोन्ही ४९.२४८ मीटरवर मांडतो. तीस मीटरची पोलादी टेप, म्हणजे एक पूर्ण लांबी आणि १९.२४८. मोजताना टेप आडवी हवी, उताराला चिकटलेली नको. तीस मीटरात अर्धा मीटर चढ असेल तर उतारावर मोजलेले अंतर चार मिलिमीटरांनी फसवते, एक मीटर चढ असेल तर सतरा. दोन्ही चुका वाढतात चढाच्या वर्गाने, म्हणून अर्धा मीटर सोडून देता येतो, एक मीटर नाही. एप्रिलच्या दुपारी टेप वीस अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा वीस अंशांनी जास्त तापते. तीस मीटरला ती सात मिलिमीटर लांबते, एकोणपन्नास मीटरला अकराच्या आसपास. लांबलेली टेप आकडा तोच दाखवते, खुंटी मात्र दूर पडते. आमचा उपाय साधा : अंतरे सकाळी. अकरा वाजल्यानंतर तशीही काळ्या रानावरची हवा नाचायला लागते आणि रॉडचा पाय धुरकट दिसतो.

टी-१ आणि टी-२ झाल्यावर यंत्र आयपीवर असतानाच आतला कोन निम्मा करून, ७६°१०′ वर, ५.९७४ मीटर मोजून कंसाच्या माथ्याची खुंटी मारून ठेवतो. आखणीत तिचा उपयोग नाही. ती साक्षीदार आहे.

आता टी-१. ओळंबा खिळ्यावर आणायचा, बुडबुडा मधोमध, दुर्बिणीतली तार आणि चित्र यांतले पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलवला की दिसणारी सरक, घालवायचे. इथे एक हिशेब सगळ्यांनी एकदा तरी करून बघावा. ओळंबा खिळ्यापासून पाच मिलिमीटर बाजूला राहिला आणि आयपी ४९ मीटरवर असेल, तर दिशा २१ सेकंदांनी चुकते. म्हणजे वर्नियरचे एक पूर्ण घर. ज्याचा ओळंबा वाऱ्यावर झुलतोय त्याने सेकंद वाचण्यात डोळे शिणवू नयेत. वारा असेल तर तिपाईच्या तीन पायांना पोते गुंडाळावे. आणि शक्य असेल तर शून्य आयपीवर न लावता त्याच रेषेत पलीकडे दीडशे मीटरवर उभ्या केलेल्या रॉडवर लावावे. तीच पाच मिलिमीटरची चूक तिथे सात सेकंदांवर येते.

शून्य लावताना वरचा क्लॅम्प आणि खालचा क्लॅम्प यांतला फरक हातात बसलेला असला पाहिजे. दोन्ही सैल करून वर्नियर शून्याजवळ आणायचा, वरचा आवळायचा, वरच्या बारीक स्क्रूने शून्य नेमके करायचे. मग खालच्या क्लॅम्पने सगळे यंत्र फिरवून रॉडचा पाय तारेवर घ्यायचा, खालचा आवळायचा, खालच्या बारीक स्क्रूने नेमके. यानंतर खालच्या स्क्रूला हात लावायचा नाही. या कामातली सगळ्यात महाग चूक हीच आहे : तिसऱ्या-चौथ्या खुंटीला कोन थोडा सरकवायला माणूस सवयीने खालचा स्क्रू फिरवतो. वर्नियर जागचा हलत नाही, वाचन बरोबर दिसते आणि सगळा कर्व्ह टी-१ भोवती फिरलेला असतो. दर चार खुंट्यांनी परत शून्यावर जाऊन रॉड तारेवर आहे का बघायचे. एक मिनिट लागते.

वाचनातली दुसरी मोठी चूक म्हणजे मुख्य चकतीवरचे घर चुकणे. तिथे घरे २० मिनिटांची. वर्नियर काळजीपूर्वक वाचून मुख्य चकतीवरचा आकडा एक घर मागचा घेतला, तर ९५ मीटरवर खुंटी छप्पन सेंटिमीटर बाजूला पडते. एवढी चूक डोळ्यांना दिसते, निदान दिसायला हवी.

पहिल्या खुंटीसाठी वर्नियर ०°३८′२०″ वर, टेपचे शून्य टी-१ च्या खिळ्यावर, दुसरा माणूस ४.४४८ वर बाण धरून आडवा सरकतो, तारेवर आला की थांब. दुसरीसाठी वर्नियर २°०४′२०″ वर, पण टेपचे शून्य आता पहिल्या खुंटीवर. कोन सगळे टी-१ वरून, अंतरे सगळी मागच्या खुंटीवरून. या पद्धतीची ताकदही इथेच आणि दुखणेही इथेच. टेप कधीच दहा मीटरपेक्षा लांब धरावी लागत नाही, पण तिसरी खुंटी वीस मिलिमीटर पुढे गेली की चौथी, पाचवी, दहावी, सगळ्या तिच्याबरोबर पुढे जातात.

टेप धरणारा गोकाककडचा असेल तर दुर्बिणीतून ‘थोडं उजवीकडे’ ओरडून उपयोग नसतो. ‘बलक्के, अण्णा, स्वल्प बलक्के... साकु, साकु!’ डावीकडे ‘एडक्के’. सीमाभागात यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाला एवढे कानडी यावेच लागते. तेही वाऱ्यात विरते, म्हणून हातवारे आधीच ठरवावे : पूर्ण हात हलवला तर बरेच सरक, मनगट हलवले तर बोटभर, दोन्ही हात डोक्यावर नेले तर ठोक. रॉड नेहमी पायाशी बघायचा. दोन मीटरचा रॉड किंचित कलला तर वरचे टोक तारेवर आणि पाय चार बोटे बाजूला असतो.

खुंट्या बाभळीच्या, पाच सेंटिमीटर चौरस. जांभ्याच्या जमिनीत पंचेचाळीस सेंटिमीटरची पुरते, पण ती आधी पहारीने भोक पाडल्याशिवाय आत जात नाही आणि घण घातला तर डोके फुटून खिळ्याला जागा उरत नाही. काळ्या मातीत उलटे. खुंटी लोण्यासारखी आत जाते आणि उन्हाळ्यात भेगेबरोबर कलते. तिथे पाऊण मीटरची घ्यावी. पावसाआधी मारलेल्या खुंटीवर पावसानंतर भरवसा ठेवू नये. माती फुगते, खुंटी उचलते, बाजूलाही सरकते.

अकराव्या खुंटीला खरी परीक्षा. १३°५०′ आणि शेवटची जीवा २.१२७ यांनी जो बिंदू येतो तो आयपीवरून आधी मांडलेल्या टी-२ वर पडायला हवा. अगदी खिळ्यावर पडत नाही. किती फरक आहे यापेक्षा कोणत्या दिशेने आहे ते आधी बघावे. कंसाच्या दिशेने पुढे-मागे असेल तर दोष टेपचा. कंसाला आडवा असेल तर दोष कोनाचा. आडवा फरक अठ्ठावीस मिलिमीटरच्या जवळ असेल तर कुठेतरी एक मिनिट चुकले, कारण टी-१ ते टी-२ या ९५.६४ मीटरच्या लांब जीवेवर एक मिनिट तेवढेच होते. पुढे-मागे फरक बरोबर एक मीटर असेल तर टेपवरचा आकडा चुकीचा वाचला. पंचवीस मिलिमीटरच्या आतला फरक आम्ही शेवटच्या तीन-चार खुंट्यांत वाटून टाकतो, त्यापुढे गेला तर वाटत नाही, पुन्हा आखतो.

पण टी-२ जुळला म्हणजे कर्व्ह बरोबर, हे खरे नाही. आमच्या मते या कामात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. चौथी खुंटी बाहेर आणि सातवी आत, असे झाले तरी शेवट छान जुळू शकतो. म्हणून यंत्र पेटीत गेल्यावर दोरी काढतो. गवंड्याची लाइनदोरी एकाआड एक खुंट्यांच्या खिळ्यांवर ताणायची, मधल्या खुंटीचे दोरीपासूनचे अंतर मोजायचे. २०० मीटर त्रिज्येला, १० मीटरच्या जीवांत, ते २५० मिलिमीटर यायला हवे. सूत्र जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, जीवा वीस मीटरची. रेल्वेची माणसे वळणावरचा रूळ असाच तपासतात, वीस मीटरची दोरी दर दहा मीटरला सरकवत. बेळगाव-लोंढा मार्गावर काम केलेल्या जुन्या गँगमनला हे सांगायला जाऊ नये, तोच आपल्याला शिकवेल. टोकांच्या तुकड्यांना आकडा वेगळा येतो : दोन जीवांचा गुणाकार भागिले त्रिज्येची दुप्पट. पहिल्या खुंटीला ४.४४८ × १० ÷ ४०० = १११ मिलिमीटर, दहावीला १० × २.१२७ ÷ ४०० = ५३.

दोरीचे आकडे एकेकटे वाचायचे नाहीत, ओळीने वाचायचे. २४०, २७०, २४० अशी ओळ आली तर मधली खुंटी वीस मिलिमीटर बाहेर आहे. तिचा स्वतःचा आकडा वीसने वाढतो आणि शेजारच्या दोघींचा दहा-दहाने घटतो. शेजारच्या दोघी निर्दोष आहेत, त्यांना हात लावू नये. सगळीकडे २५० येते आणि टी-२ मात्र जुळत नाही, असे झाले तर कर्व्ह ठीक आहे, आयपीवरचा कोन किंवा स्पर्शिकेची लांबी चुकली आहे. मग आयपीवरून मारलेली माथ्याची ती साक्षीदार खुंटी कामाला येते. तिथे दोरी टाकून बघितले की दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळते.

मध्येच बाभूळ, ट्रान्सफॉर्मर किंवा कडब्याची गंजी आडवी आली आणि सहाव्या खुंटीपुढे टी-१ वरून काहीच दिसेना, तर यंत्र सहाव्या खुंटीवर न्यावे. वर्नियर शून्यावर ठेवून टी-१ कडे मागे बघायचे, दुर्बीण उलटी करून पुढे घ्यायची आणि सातव्यासाठी तक्त्यातला सातव्याचाच कोन, ९°१४′००″, लावायचा. नवीन तक्ता लागत नाही. सहाव्या खुंटीवरची स्पर्शिका टी-१ च्या जीवेशी तेवढ्याच कोनात असते जेवढा सहाव्याचा एकूण कोन, तो आपोआप त्यात मिसळतो. यंत्राचे कॉलिमेशन, म्हणजे नजरेची रेषा आडव्या अक्षाला काटकोनात असणे, बिघडलेले असेल तर दुर्बीण उलटी केल्यावर ती चूक दुप्पट होऊन बाहेर येते, म्हणून अशा वेळी दोन्ही फेसनी घ्यावे.

टेप टाकायला जमीनच नसेल, पाणथळ असेल, ऊसाचे बुडखे टोचत असतील, तर दोन थिओडोलाइटची पद्धत सांगतात. एक यंत्र टी-१ वर, शून्य आयपीकडे. दुसरे टी-२ वर, शून्य टी-१ कडे. दोन्हींवर एकच कोन लावायचा आणि दोन नजरा जिथे छेदतील तिथे खुंटी. गणित सुरेख आहे आणि मागच्या खुंटीची चूक पुढे जात नाही. आमच्यासारख्या चपट्या वळणाला मात्र ती घेऊ नये. दोन नजरा एकमेकींना १६६°१०′ मध्ये कापतात, म्हणजे जवळजवळ एकाच रेषेत. आडवी जागा ठीक मिळते, पण लांबीच्या दिशेने थोडीशी चूक चौपट होऊन बसते. विचलन कोन नव्वदच्या पुढे असेल तेव्हा ही पद्धत खरी कामाची.

टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, आल्यापासून हे सगळे जुने झाले असे म्हणतात. टी-१, दिशा आणि त्रिज्या दिली की ते प्रत्येक खुंटीचे कोऑर्डिनेट काढते, खुंट्या एकमेकींवर अवलंबून राहत नाहीत, आणि एका तासाचे काम वीस मिनिटांत होते. पण पाच मिलिमीटर बाजूला बसवलेले यंत्र तेही २१ सेकंदांनी चुकतेच, पडदा कितीही सेकंद दाखवो. प्रिझमचा कॉन्स्टंट (अंतरात धरायची दुरुस्ती, मिलिमीटरांत) शून्य असताना उणे तीस ठेवला गेला तर प्रत्येक अंतर तीस मिलिमीटरने चुकते आणि सगळा कर्व्ह सुबकपणे चुकीच्या जागी बसतो. दीड मीटरच्या पोलचा बुडबुडा दहा मिनिटांनी बिघडलेला असेल तर चार मिलिमीटर तिथेच गेले. आम्ही टोटल स्टेशननंतरही दोरी काढतो.

जेसीबी यायच्या आधी प्रत्येक खुंटीच्या दोन्ही बाजूंना, खोदाईच्या बाहेर, कंसाला काटकोनात एक-एक संदर्भ खुंटी मारून अंतर फील्डबुकात लिहावे. मध्यरेषेच्या खुंट्या पहिल्या बादलीतच जातात. काटकोन म्हणजे त्रिज्येची दिशा, ती शेजारच्या दोन खुंट्यांमधल्या दोरीला काटकोन धरून मिळते. वरून चुन्याची फक्की मारली की ऑपरेटरला रेषा दिसते, पण सरळ टाकलेल्या दोरीवर फक्की मारली तर तो सरळ खोदतो. दहा मीटरच्या दोन खुंट्यांत कंस दोरीपासून बासष्ट मिलिमीटर बाहेर असतो, म्हणून मध्ये पाच मीटरवर हाताने तेवढे फुगवून फक्की मारावी.

एवढे झाले की बांधावर उभा असलेला शेतकरी मीटर विचारत नाही, किती गुंठे गेले ते विचारतो. साडेसात मीटर रुंदीला कंसाच्या ९६.५७५ मीटरमध्ये ७२४ चौरस मीटर, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे सात गुंठ्यांना थोडे वर. दुसरा प्रश्न ठरलेला : कोपरा गोल केल्यामुळे रेषेच्या बाहेर जो त्रिकोणी तुकडा उरला तो कुणाचा? तो मध्यरेषा धरून १९२ चौरस मीटर भरतो, १.९ गुंठे. कुणाचा ते ठरवणे आमचे काम नाही, पण आकडा फील्डबुकात लिहून ठेवतो, मोजणीदार आला की तोच आधी विचारतो.